मोंझा २०१०: एकाच टीमच्या दोन गाड्या, दोन वेगळ्या विंग

१२ सप्टेंबर २०१०, फॉर्म्युला वनची इटालियन ग्रांप्री, मोंझा. ग्रिडवर मॅक्लारेनच्या दोन गाड्या, दोन्ही एमपी४-२५, इंजिन तेच, फ्लोअर तोच, टायर तेच, आणि मागून बघितलं तर एकीवर चांगली भरभक्कम रियर विंग आणि दुसरीवर जेमतेम एक पातळ पट्टी. भरभक्कमवाली जेन्सन बटनची, पातळवाली लुइस हॅमिल्टनची. हॅमिल्टन २००८ चा वर्ल्ड चॅम्पियन, बटन २००९ चा, टीम एक, सिम्युलेटर एक, एकमेकांचा डेटा एकमेकांना दिसतोय, आणि तरी दोघांनी एकाच ट्रॅकसाठी एकमेकांच्या अगदी उलटे सेटअप लावले. एरोडायनॅमिक्सबद्दल कुणी विचारलं की मी हीच रेस सांगतो, कारण गाडीने वेळ कुठे घालवायचा आणि कुठे कमवायचा एवढंच माणसाच्या हातात असतं हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही.

हा घालवायचा-कमवायचा हिशोब जरा खोलात सांगतो. विंग हवेला वर ढकलते म्हणून हवा गाडीला खाली दाबते, हा झाला डाउनफोर्स. पण फुकट काही मिळत नाही, तीच विंग गाडीला मागेही ओढते, तो ड्रॅग. दोन्ही स्पीडच्या वर्गाने वाढतात, स्पीड दुप्पट झाला की दोन्ही चौपट. आणि ड्रॅगशी झगडायला जी पॉवर खर्च होते ती तर घनाने वाढते, दुप्पट स्पीडला आठपट. त्यामुळे वरच्या टोकाला एकेक किलोमीटर भयंकर महाग पडतो. ३२० वरून ३४० ला जायचं म्हणजे स्पीड वाढला ६ टक्के, पण त्यासाठी पॉवर लागते जवळजवळ २० टक्के जास्त. इंजिन तर आहे तेवढंच आहे, मग हातात उरतं काय, तर ड्रॅग १६-१७ टक्क्यांनी उतरवणं, म्हणजे विंग छाटणं.

आणि छाटून मिळतं किती ते कागदावर मांडून बघा. स्ट्रेटचे शेवटचे ५०० मीटर ३३० ने गेलात तर ५.४५ सेकंद, ३४० ने गेलात तर ५.२९. म्हणजे ०.१६ सेकंद. मोंझात असे लांब पट्टे चार आहेत, पिटसमोरचा, कर्वा ग्रांदे या लांब वळणावरून दुसऱ्या शिकेनकडे (स्पीड मोडायला मुद्दाम ठेवलेल्या नागमोडी वळणाकडे) जाणारा, लेस्मोनंतर अस्कारीकडे जाणारा आणि अस्कारीनंतर पॅराबोलिकाकडे जाणारा. सगळीकडे एवढाच फायदा होत नाही, पण ढोबळमानाने लॅपमागे अर्ध्या सेकंदाच्या आसपास धरायला हरकत नाही. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे स्टार्टचा क्रम ठरवणाऱ्या शनिवारच्या फेरीत, अर्धा सेकंद म्हणजे ग्रिडवर दोन-तीन जागा, कधी त्याहून जास्त.

हा अर्धा सेकंद परत कुठे द्यावा लागतो हे जास्त महत्त्वाचं आहे. लोकांना वाटतं सगळ्या कॉर्नरमध्ये. तसं नाही. मोंझाच्या पहिल्या शिकेनमध्ये गाडी ८० च्या आसपास असते, म्हणजे ३२० च्या पाव स्पीडला, म्हणजे डाउनफोर्स उरला सोळावा हिस्सा. तिथे मोठी विंग असली काय नि नसली काय, काम करतात ते टायर आणि सस्पेन्शन. मोठी विंग पैसे वसूल करते ती दोन्ही लेस्मोमध्ये, अस्कारीत, पॅराबोलिकात, या वेगवान वळणांत, आणि सगळ्यात जास्त ब्रेकिंगच्या पहिल्या क्षणी. ३३० च्या पुढून येताना ड्रायव्हर ब्रेकवर अक्षरशः उभा राहतो, तेव्हा हवेचा दाब आहे म्हणून टायर लॉक होत नाही, आणि जसजसा स्पीड उतरतो तसतसा तो दाब पळून जातो, म्हणून पाय हळूहळू सोडत आणावा लागतो. पातळ विंगच्या गाडीत हा पाय सोडायचा खेळ फार बारीक असतो, जरा उशीर झाला की पुढचा टायर धूर सोडतो. २०१० पासून रेसमध्ये पेट्रोल भरायला बंदी आली होती, म्हणजे पहिल्या लॅपला पूर्ण रेसचं इंधन अंगावर, गाडी जड, अशा गाडीला थांबवायला डाउनफोर्स असणं ही मोठीच गोष्ट.

आता गंमत बघा. त्याच वर्षी मॅक्लारेनने एफ-डक्ट आणला होता. नाकावर एक छोटं तोंड, तिथून हवा आत घ्यायची, पाइपने ड्रायव्हरजवळून न्यायची, आणि ड्रायव्हरने पायाने एक भोक दाबून धरलं की हवेचा रस्ता बदलून ती इंजिन कव्हरवरच्या उंच फिनमधून थेट रियर विंगच्या फ्लॅपमधल्या (विंगच्या मागच्या पट्टीतल्या) फटीतून बाहेर पडणार. फ्लॅपच्या पोटाला चिकटून वाहणारी हवा त्यामुळे सुटते, विंग स्टॉल होते, डाउनफोर्सही जातो आणि ड्रॅगही जातो. स्ट्रेटवर डाउनफोर्स नकोच असतो! हलणारे एरो पार्ट तेव्हा रियर विंगवर बेकायदेशीर होते, पण इथे हलत काय होतं तर ड्रायव्हरचं स्वतःचं अंग. बाकी टीमनी बघून बघून आपापले एफ-डक्ट केले, काहींच्या ड्रायव्हरना ते हाताने दाबावं लागायचं, म्हणजे ३०० च्या स्पीडला एक हात स्टिअरिंगवरून सरकलेला.

एफ-डक्ट असेल तर मोठी विंग लावा, स्ट्रेटवर ती झोपवा, कॉर्नरला जागी करा. हा बटनचा विचार. पण विंग आधीच एवढी पातळ असेल की तिच्यात ड्रॅगच फार नाही, तर स्टॉल करून वाचणार किती? मग तो पाइप आणि ती फिन वागवायची कशाला? काढून टाका. हा हॅमिल्टनचा विचार. दोन्ही विचार आपापल्या जागी पक्के आहेत. मधलाच पर्याय, मध्यम विंग आणि एफ-डक्ट, हा मला तरी सगळ्यात कच्चा वाटतो, आणि सेटअपमध्ये हे फार वेळा होतं, दोन टोकांना दोन चांगली उत्तरं असतात आणि मधे खड्डा असतो, पण मिटिंगमध्ये सगळ्यांचा ओढा मधेच असतो.

अजून एक गोष्ट, गिअर. तेव्हा प्रत्येक रेसला गिअर रेशो बदलता यायचे, आणि इंजिनाला १८,००० आरपीएमची मर्यादा होती. मोठी विंग म्हणजे टॉप स्पीड कमी, म्हणजे सातवा गिअर आखूड. पातळ विंग म्हणजे सातवा लांब. आखूड सातव्याने एकट्याने पळताना जोर चांगला मिळतो, पण पुढच्या गाडीचा टो, म्हणजे तिच्यामागच्या विरळ हवेचा फायदा, मिळाला की लिमिटर लागतो, इंजिन आरपीएमच्या मर्यादेला टेकतं आणि गाडी तिथेच अडते. आणि क्वालिफाइंग सुरू झालं की पार्क फर्मे, म्हणजे सेटअपला कुलूप, विंगही बदलता येत नाही, गिअरही नाही. म्हणजे शनिवारी जे ठरवलं ते रविवारी भोगायचं.

झालं असं की बटन क्वालिफाइंगला दुसरा आला, अलोन्सोच्या फेरारीच्या मागे दीड दशांशाच्या आत. हॅमिल्टन पाचवा, बटनपेक्षा अर्धा सेकंद मागे. रेसला बटनने सुरुवातीलाच अलोन्सोला मागे टाकलं आणि पुढची पस्तीसेक लॅप त्या फेरारीला मागे दाबून ठेवलं, मोंझात, जिथे स्लिपस्ट्रीमवर ओव्हरटेक करणं सगळ्यात सोपं समजतात. कसं? पॅराबोलिकातून तो एवढा चांगला बाहेर पडायचा की अलोन्सोला टो मिळेपर्यंत स्ट्रेट संपत यायची. शेवटी अलोन्सोने ट्रॅकवर नाही, पिटमध्ये त्याला गाठलं. बटन आधी आत गेला, अलोन्सो पुढच्या लॅपला, फेरारीच्या क्रूने झटक्यात काम केलं आणि तो बटनच्या पुढे बाहेर आला. २००६ नंतर फेरारी पहिल्यांदा मोंझाला जिंकली. हॅमिल्टन तर पहिल्याच लॅपला फेलिपे मासाच्या गाडीला लागून बाहेर, त्यामुळे पातळ विंगची रेसमधली परीक्षा झालीच नाही. माझं मत विचाराल तर बटनचा निर्णय बरोबर होता, आणि नुसता निकाल बघून म्हणत नाही, पुढच्या वर्षी जे झालं त्यावरून म्हणतोय.

२०११ ला एफ-डक्टवर बंदी आली आणि त्याच्या जागी डीआरएस आलं, बटण दाबलं की रियर विंगचा फ्लॅप उघडणार. रेसमध्ये फक्त पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलात तर, पण क्वालिफाइंगमध्ये कुठेही वापरा. रेड बुलने मोंझात सेबास्टियन व्हेटेलला चक्क जास्त डाउनफोर्स आणि आखूड सातवा गिअर दिला. स्पीड ट्रॅपच्या यादीत तो अगदी तळाशी, आणि पोल, म्हणजे ग्रिडवरची पहिली जागा, जवळजवळ अर्ध्या सेकंदाने त्याची! अलोन्सोने स्टार्टला पुढे उडी मारली होती, पण व्हेटेलने त्याला कर्वा ग्रांदेच्या बाहेरून, दोन चाकं गवतात घालून, पास केलं आणि मग निघून गेला. एकदा पुढे मोकळी हवा मिळाली की टॉप स्पीडची गरजच नाही, लॅप टाइम चांगला असला की झालं. त्याच रेसमध्ये दुसरी बाजूही दिसली. हॅमिल्टन शूमाकरच्या मर्सिडीजमागे लॅपमागून लॅप अडकला, मर्सिडीज स्ट्रेटवर सुसाट, आणि हॅमिल्टनला टो मिळाला की त्याचा लिमिटर लागायचा. म्हणजे जो सेटअप पुढे पळणाऱ्याला सोन्यासारखा, तोच मागे अडकलेल्याला गळफास. त्यामुळे विंग ठरवताना ट्रॅकसोबत हेही ठरवावं लागतं की आपण रेसमध्ये कुणाच्या पुढे असणार आणि कुणाच्या मागे.

डाउनफोर्स आणि ड्रॅग ही जी जोडगोळी आहे ना, ती फोडायचा प्रयत्न फार जुना आहे. टेक्ससच्या जिम हॉलने १९६६ मध्ये चॅपरल २ई काढली, मागे उंच खांबांवर विंग, आणि ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी एक पेडल. त्या गाडीला क्लच पेडल नव्हतं म्हणून डावा पाय मोकळा! स्ट्रेटवर पेडल दाबलं की विंग सपाट, ब्रेकिंगला सोडलं की उभी. मला त्यातलं त्याहून भारी वाटतं ते म्हणजे ते खांब गाडीच्या बॉडीवर नव्हते, थेट मागच्या चाकांच्या हबवर होते. म्हणजे हवेचा दाब स्प्रिंगवर न येता सरळ टायरवर. गाडी खाली दबत नाही, स्प्रिंग मऊ ठेवता येतात. पुढे फॉर्म्युला वनमध्ये सगळ्यांनी असल्या उंच विंग लावल्या, १९६९ ला स्पेनमध्ये मोंजुइकच्या ट्रॅकवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट दोघांच्या लोटसच्या विंग मोडल्या, भयानक अपघात झाले, आणि मोनाकोपासून त्या बंद. बंदी योग्यच होती, माणसं मेली असती. पण विंगचा जोर स्प्रिंगवर येणं आणि त्यातून जे दुसरं भांडण सुरू झालं ते आजपर्यंत मिटलेलं नाही.

ते भांडण म्हणजे मऊ की कडक. मोंझाच्या शिकेनमध्ये वळणाच्या कडेच्या उंच कर्बवरून उडी मारून जायचं तर स्प्रिंग मऊ हव्यात, नाहीतर गाडी आपटते आणि ट्रॅक्शन जातं. पण हवेचा दाब येतो तेव्हा गाडीची उंची हलायला नको, त्यासाठी कडक हव्यात. कॉलिन चॅपमनने १९८१ मध्ये लोटस ८८ ला दोन चासी (सांगाडे) दिल्या, एक कडक, बॉडीवर्कचा भार घेणारी, आणि आत दुसरी मऊ, ड्रायव्हरसाठी. रेसला उतरूच दिली नाही ती गाडी. विल्यम्सने अॅक्टिव्ह सस्पेन्शनने तेच साधलं, १९९२ ला मॅन्सेल त्याच एफडब्ल्यू१४बी वर चॅम्पियन झाला, आणि १९९४ पासून तेही बंद.

आपल्याकडच्या पोरांना हे सगळं हाताने करून बघायला मिळतं ते फॉर्म्युला स्टुडंटमध्ये, कॉलेजच्या टीमनी स्वतः रेस गाडी बनवायच्या स्पर्धेत. पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या किती टीम दरवर्षी खपतात, फॉर्म्युला भारतसाठी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला जातात, मीही कॉलेजात असताना आमच्या टीमच्या वर्कशॉपमध्येच पडीक असायचो. तिथे ट्रॅक एवढा वळणावळणाचा की सरासरी स्पीड ५० च्या आसपास. मग वरचं गणित उलटं लावा. ५० ला ड्रॅग नगण्य, त्यामुळे ड्रॅगची फिकीर सोडा आणि नियमात बसेल तेवढी अवाढव्य विंग लावा. पण मग भांडण वेगळं होतं, विंग म्हणजे वजन, आणि तेही उंचावर आणि गाडीच्या दोन टोकांना, म्हणजे गाडी वळायला आळशी. फ्लॅपच्या खालच्या अंगाला आम्ही लोकरीचे बोटभर धागे सेलोटेपने चिकटवायचो आणि शेजारून मोबाइलवर शूट करायचो. धागे मागे सपाट पडलेत म्हणजे हवा चिकटून आहे, थरथरायला लागले म्हणजे सुटतेय. सरळ जाताना सगळे गुमान मागे, आणि गाडी वळवली की एंडप्लेटजवळचे (विंगच्या टोकाच्या उभ्या पट्टीजवळचे) दोन-तीन धागे एकदम पुढे वळून नाचायला लागायचे. सीएफडीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या हवेच्या प्रवाहाच्या, रंगीत चित्रात गाडी सरळ जात होती ना! ते धागे बघितल्यावर विंगकडे बघायची नजरच बदलते.

आणि चार वजनकाटे. प्रत्येक टायरखाली एक, सीटवर ड्रायव्हर किंवा त्याच्या वजनाची वाळूची पोती. पुढच्या डाव्या स्प्रिंगचा पर्च (स्प्रिंगची बैठक) अर्धा आटा फिरवला की त्या चाकावरचं वजन वाढतं, त्याच्या तिरप्या समोरच्या, म्हणजे मागच्या उजव्याचंही वाढतं, आणि उरलेल्या दोघांचं उतरतं. एकट्या चाकाला काही करताच येत नाही. एरोचंही तसंच, मागची विंग छाटली की पुढचीही छाटावी लागते, नाहीतर दाबाचं केंद्र पुढे सरकतं आणि हाय स्पीड कॉर्नरमध्ये गाडीची शेपटी बाहेर यायला लागते. त्यामुळे "फक्त विंग बदलली" असं कधी नसतंच, विंग बदलली म्हणजे फ्लॅप, राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची), कधी अँटी-रोल बार (गाडीचा कल रोखणारा दांडा), सगळं परत बघा.

२०२२ ला फॉर्म्युला वनने ग्राउंड इफेक्ट परत आणला, फ्लोअरखाली हवा जोरात पळवणारे, मधे अरुंद होणारे व्हेंच्युरी बोगदे, ती हवा गाडीला खाली ओढते, आणि राइड हाइटचं भांडण एकदम स्टेजवर आलं. फ्लोअरचा डाउनफोर्स विंगच्या मानाने फार स्वस्त, ड्रॅग कमी लागतो. म्हणूनच २०२५ ला मोंझात व्हर्स्टापेनची रेड बुल अगदी पातळ रियर विंग लावून १:१८.७९२ ची पोल लॅप मारू शकली, सरासरी २६४.६८१ किमी प्रतितास, फॉर्म्युला वनच्या इतिहासातली सगळ्यात वेगवान लॅप. म्हणजे २०१० ला बटनचं उत्तर बरोबर होतं आणि २०२५ ला त्याच ट्रॅकवर उलट उत्तर बरोबर निघालं, कारण दाब आता दुसरीकडून येतोय.

पण फ्लोअरची किंमत उंचीत मोजावी लागते. जितका जमिनीजवळ तितकी ओढ जास्त, गाडी अजून खाली जाते, एका क्षणाला हवेला जायला जागाच उरत नाही, ओढ तुटते, गाडी वर उसळते, परत ओढली जाते. हेच पॉर्पोइजिंग. मर्सिडीजची डब्ल्यू१३ विंड टनेलमध्ये म्हणे अफाट दिसत होती, पण ती खूप खाली पळवली तरच, आणि खऱ्या रस्त्यावर तेवढी खाली पळवली की उसळायची. बाकूला २०२२ मध्ये हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरला ते चित्र अजून डोळ्यासमोर आहे. वर उचला तर डाउनफोर्स गेला, खाली ठेवा तर ड्रायव्हरची पाठ गेली. २०२३ साठी नियमच बदलून फ्लोअरच्या कडा १५ मिलीमीटरने वर घ्यायला लावल्या.

आणि खाली लाकडासारखी पट्टी असते, प्लँक, नवीन असताना १० मिलीमीटर, रेसनंतर ठरलेल्या जागी किमान ९ उरायला हवी. बस, १ मिलीमीटरची उधारी. ऑस्टिन २०२३ ला स्प्रिंट वीकेंड होता, एकच प्रॅक्टिस, त्यानंतर सेटअपला कुलूप, आणि ट्रॅक खडबडीत. दुसरा आलेला हॅमिल्टन आणि सहावा आलेला लक्लेर, दोघांच्या प्लँक जास्त झिजल्या, दोघेही बाद. एका तासात अंदाज बांधायचा होता की खड्ड्यांवर गाडी किती आपटेल, ते गणित चुकलं. लास व्हेगास २०२५ ला तर मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या, दुसरा नॉरिस आणि चौथा पियास्त्री, १ मिलीमीटरपेक्षा कितीतरी कमी फरकाने बाद झाल्या. नॉरिसचे १८ पॉइंट गेले, आणि त्याने टायटल शेवटी जिंकलं ते फक्त २ पॉइंटने. मला यात मॅक्लारेनचा बेफिकीरपणा अजिबात वाटत नाही. ज्या गाडीत अर्ध्या मिलीमीटरला लॅप टाइम आहे तिथे सुरक्षित उंची ठेवणारा इंजिनियर दर रेसला थोडं थोडं हरत असतो, फक्त ते कुणाला दिसत नाही.

२०२६ च्या नियमांत व्हेंच्युरी बोगदे गेले, फ्लोअर परत बराच सपाट झाला, डीआरएसही गेलं, आणि पुढची-मागची दोन्ही विंग हलणारी झाली. ठरलेल्या पट्ट्यांत सगळ्यांनी फ्लॅप सपाट करायचे, एका सेकंदाची अट नाही, कॉर्नरला परत उभे. म्हणजे जिम हॉलचं पेडल साठ वर्षांनी कायदेशीर झालं म्हणायचं. आता बऱ्याच लोकांचं म्हणणं आहे की विंगचा वादच मिटला. मला तसं वाटत नाही. स्ट्रेटवर डाउनफोर्स एकदम गेला की गाडी स्प्रिंगवर वर येणार, ब्रेकिंगला फ्लॅप बंद झाले की तो सगळा दाब परत येणार, गाडी एकदम खाली बसणार, आणि नेमक्या त्याच क्षणी ड्रायव्हर ब्रेकवर उभा असणार आणि गाडीचं नाक खाली जात असणार. पुढच्या विंगवरची हवा मागच्यापेक्षा आधी चिकटली तर एंट्रीलाच शेपटी सुटेल, मागची आधी चिकटली तर नाक वळणार नाही. त्यासाठी स्प्रिंग किती कडक, पुढे किती, मागे किती, आणि फ्लॅप ब्रेकच्या किती आधी बंद करायचा, हे प्रत्येक टीमला प्रत्येक ट्रॅकवर वेगळं ठरवावं लागणार. ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण, बघताना म्हणून मी टॉप स्पीडच्या आकड्याकडे बघतच नाही, ब्रेकिंगच्या बोर्डाशी फ्लॅप बंद होतो त्या क्षणी ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगवर स्थिर आहेत की बारीक बारीक सावरतायत, ते बघतो.